तोंड भिंतीकडे

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटेआधी, आमच्या सोसायटीतले दोन बंद फ्लॅट फुटले. कडीकोयंडा तुटला, कपाटं उचकटली गेली, ऐवज लंपास झाला. पेपरात चार ओळींची बातमी आली आणि तिच्यात नेहमीचे शब्द नेहमीच्या जागी होते. त्या चार ओळींत एक गोष्ट मावली नाही. चोरांनी जिन्यातला कॅमेरा फोडला नव्हता. कशाने तरी, बहुधा झाडूच्या दांड्याने, त्याचं तोंड अलगद भिंतीकडे वळवलं होतं. मग खाली येऊन वॉचमनच्या केबिनमधला, चित्रण साठवणारा डीव्हीआर नेला, तोही उपटून नव्हे. मागच्या सगळ्या पिना एकेक फिरवून सोडवलेल्या होत्या आणि वायरींची टोकं टेबलावर ओळीने ठेवलेली होती. आमचा मेंटेनन्सवाला इतक्या निगुतीने काम करत नाही. एजन्सीचा वॉचमन दिवाळीला गावी गेला होता आणि बदली माणूस आलाच नव्हता.

आता कमिटीने सभेपुढे प्रस्ताव ठेवला आहे: दुप्पट कॅमेरे, चेहरा ओळखणारे, सगळं चित्रण 'क्लाउड'वर. वर्गणी प्रत्येक फ्लॅटमागे सारखी. आमच्याकडे कॅमेऱ्यांचा जन्म झाला तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी राहतो आहे, त्यामुळे हात वर करण्याआधी थोडं मागे वळून बघावंसं वाटलं. ज्यांना फक्त कोटेशनं जुळवायची आहेत त्यांनी थेट शेवटचे दोन-तीन परिच्छेद वाचले तरी चालेल.

रामोश्याची आरोळी आणि गुरख्याची शिट्टी यांवर पुष्कळांनी गहिवरून लिहिलंय, तो भाग मी सोडतो. पुण्यापुरतं बोलायचं तर दारं खऱ्या अर्थाने बंद व्हायला लागली ती १९७६-७७ मध्ये. जोशी-अभ्यंकर हत्याकांडात दहा खून झाले. चौघे जण १९८३ मध्ये येरवड्यात फासावर गेले, पण दिवेलागणीनंतर कडी वाजली की आतून "कोण?" असं दोनदा विचारायची सवय राहिली ती राहिलीच. दाराला भिंग आलं, साखळी आली, मग जाळीचं दुसरं दार आलं. पुढची पंचवीसेक वर्षं या बाबतीत कंटाळवाणी आहेत. ग्रिलची नक्षी बदलली, कुलपांचे ब्रँड बदलले, आणि खिडकीचे गज वाकवणारे चोर कटावणीने लॅच तोडायला शिकले. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही घडलं नाही.

घरावरच्या कॅमेऱ्याची कल्पना मात्र याहून जुनी. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या नर्सने नवऱ्याबरोबर १९६६ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६९ च्या डिसेंबरात मिळालं. नवरा-बायकोच्या कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत गुन्हे वाढलेले आणि बोलावलेले पोलीस लवकर येत नसत. तिच्या योजनेत दाराला वरखाली चार भोकं होती, त्यांच्यामागे सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, दार दुरून उघडायचं बटण आणि धोक्याची घंटा. पडद्यासमोर कोणीतरी जागं बसलेलं आहे, हे या सगळ्यात गृहीत होतं. आपल्याकडे कॅमेरा आला तेव्हा नेमकं तेवढंच गृहीतक गळालं.

तो आला २००८ नंतर. २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्याने या देशाला कॅमेऱ्याची ओढ लावली. त्या रात्रीचा कसाबचा जो फोटो सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे, तो भिंतीवरच्या कॅमेऱ्याने काढलेला नाही. मुंबई मिररचे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा शेजारच्या ऑफिसातून कॅमेरा घेऊन सीएसटी स्टेशनात धावले, डब्यांच्या आडून त्यांनी तो टिपला आणि पुढे कोर्टात साक्षही दिली. त्याच स्टेशनात विष्णू झेंडे हे उद्घोषक आपल्या काचेच्या खोलीतून खाली बघत होते. गोंधळ दिसताच त्यांनी माईकवरून लोकांना कुठल्या बाजूने बाहेर पडायचं ते सांगायला सुरुवात केली आणि गोळ्या खोलीच्या दिशेने येईपर्यंत सांगत राहिले. माणसाने पाहिलं आणि माणसाने ओरडून सांगितलं म्हणून कितीतरी जण वाचले. आपण त्यातून निष्कर्ष काढला तो असा, की कॅमेरे कमी पडले. मुंबईत २०१६ च्या ऑक्टोबरात सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं. ते नको होतं असं मी म्हणत नाही. झेंडेंसारखी बघणारी माणसं किती वाढली, हे कोणी विचारलं नाही एवढंच.

पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर. भीती दहशतवाद्यांची होती, कॅमेरे लागले जिन्यांत. जोडीला सोनं होतंच. २००८ मध्ये तोळ्याला बारा-तेरा हजार असलेलं सोनं २०१२ मध्ये तीस हजारांवर गेलं. मंगळसूत्र, पाटल्या, गोठ तेच. पण कपाटातल्या ऐवजाची किंमत घरबसल्या दुपटीहून वाढली. हे आपल्याआधी कोणाच्या लक्षात आलं असेल ते वेगळं सांगायला नको.

तर त्या दिवसांतली आमची सर्वसाधारण सभा. तेव्हाचे चेअरमन बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले. एकीकडे रात्रपाळीच्या गुरख्याचा वर्षाचा पगार, दिवाळीचा बोनस, स्वेटर. दुसरीकडे आठ कॅमेरे, एक डीव्हीआर, वायर आणि मजुरी, एकदाच. "माणूस झोपतो, कॅमेरा झोपत नाही," असं म्हणून त्यांनी खडू खाली ठेवला. टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर झाला.

आमच्या गुरख्याला सगळे बहादूर म्हणत. खरं नाव पगाराच्या वहीत होतं आणि ते खजिनदारांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. झोपायचा तो, नाकारत नाही. पण कोणता फ्लॅट बंद आहे हे त्याच्या डोक्यात पक्कं असे. लोक गावी जाताना पेपर बंद करायला विसरतात. बंद दाराच्या कडीला पेपर साचत जातात, दुधाची पिशवी लोंबत राहते, आणि रेकी करणाऱ्या चोराला दुसरं काही लागत नाही. बहादूर पहाटे जिने चढून अशा दारांवरचे पेपर काढून घ्यायचा. केबिनमध्ये फ्लॅट नंबरानुसार त्यांचे गठ्ठे असत. परत आल्यावर तो गठ्ठा हातात द्यायचा आणि वर विचारायचा, "साब, चार दिन बोला था, आठ दिन लगाया?" हे काम त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून फळ्यावरच्या कुठल्याच रकान्यात ते नव्हतं. नोटीस मिळाल्यावर तो महिन्याभरात गेला. निरोपाला कोणी जमलं नाही. जमले होते सगळे, पण कॅमेऱ्यांच्या उद्घाटनाला, पेढेसुद्धा होते.

कॅमेरे बसवणारा पोरगा चटपटीत होता. "काका, टेन्शनच घेऊ नका, मुंगी गेली तरी दिसेल," असं सांगून त्याने कॅमेरे हात पोचेल एवढ्या उंचीवर लावले, कारण त्याच्याकडची शिडी तेवढीच होती. या धंद्यात एक खरी अडचण आहे आणि तिच्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. कॅमेरा खाली लावला तर चेहरा नीट मिळतो, पण चोराचा हातही पोचतो. वर लावला तर हात पोचत नाही, पण फक्त टोपीचा माथा दिसतो. यावर उपाय असा, की एक वर आणि एक खाली लावायचा, आणि दोघांनी एकमेकांना नजरेत ठेवायचं. म्हणजे एकाला हात लावणारा दुसऱ्यात सापडतो. आमचे आठही कॅमेरे आठ दिशांना बघत होते.

केबिनमधल्या पडद्यावर आठ चौकोन दिसू लागले. पहिले काही दिवस तिथे गर्दी असायची. रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागत, त्यांच्या उबेला किडे येत, किड्यांमागून कोळी. आणि कॅमेऱ्यासमोरचं कोळ्याचं जाळं पडद्यावर दोरखंडासारखं पांढरंशुभ्र दिसे. पावसाळाभर पार्किंगच्या चौकोनात तेवढंच दिसत होतं. पुसायचं काम कोणाचं? ठरावात ते नव्हतं.

चोर नाही दिसले, पण बाकी सगळे दिसू लागले. भाड्याने राहणाऱ्या मुलांकडे रात्री कोण आलं. कोणाच्या कुत्र्याने लिफ्टपाशी काय केलं. धुण्याभांड्यांच्या बाई पिशवी घेऊन किती वाजता उतरल्या. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप झाल्यावर तर या चित्रांना पाय फुटले. एकदा एका बाईंचा फोटो ग्रुपवर फिरला, हातात फुगलेली कॅरीबॅग, खाली प्रश्नचिन्ह. दुपारपर्यंत कळलं, की पिशवीत चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी दिलेला शिळा भात आणि नातवाचे आखूड झालेले कपडे होते. ग्रुपवर कोणी तिची माफी मागितली नाही. ती त्या ग्रुपवर नव्हतीच. तिने आमच्या इमारतीतली सगळी कामं सोडली. चेअरमनसाहेबांचं यावर म्हणणं असं होतं, की कॅमेऱ्याने आपलं काम केलं. इतक्या वर्षांत कॅमेऱ्यांनी आमच्याकडे कोणावर नजर ठेवली याचं हे खरं उत्तर आहे, आणि ते मी तेव्हाही सभेत बोललो होतो. इतिवृत्तात ते आलं नाही.

पहिली चोरी २०१३ च्या मे महिन्यात झाली. चोर तेव्हा नवखे होते. डोक्यावर टोपी, तोंडाला रुमाल, एवढीच त्यांची तयारी. चित्रण मिळालं! पोलीस केबिनमध्ये आले, माउस फिरला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तारीख निघाली १ जानेवारी २०००. डीव्हीआरच्या आतल्या बोर्डावर नाण्याएवढी बॅटरी असते, घड्याळ तिच्यावर चालतं. ती मेली, की वीज गेल्यानंतर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारांनी पेन थांबवून विचारलं, "हे कोणत्या साली चोरी झाली म्हणून लिहू?" बॅटरी पन्नास रुपयांच्या आत येते. शिवाय हार्डडिस्क भरली, की जुन्यावर नवं चित्रण चढतं. आमच्याकडे ते पंधरा दिवसांत व्हायचं आणि ज्यांचं घर फुटलं ते तीन आठवड्यांनी काशीयात्रेहून परतले. हाती लागलं ते फक्त शेवटच्या रात्रीचं, आणि त्यात चोर दुसऱ्यांदा, राहिलेलं न्यायला आले होते.

पोलीसही बदलले. पूर्वी घरफोडी झाली की ठसेतज्ज्ञ येत, कधी श्वानपथक येई, बीटचा हवालदार आसपासच्या टपऱ्यांवर चौकशी करी. आता पहिला प्रश्न "फुटेज आहे का?" आणि नाही म्हटलं की दुसरा प्रश्न नसतो. आहे म्हटलं तर पेनड्राइव्ह आपणच नेऊन द्यायचा. घराचा मालक घर फुटल्यावर शेजारच्या सहा सोसायट्यांच्या सेक्रेटरींपुढे हात जोडत फिरतो.

यादरम्यान चोर शिकत होते, आणि भरभर. रुमालानंतर कॅमेऱ्यावर फडकं टाकणं आलं. मग काळ्या रंगाचा स्प्रे; एटीएम फोडणाऱ्या टोळ्यांनी तो रूढ केला. मग मीटरबॉक्समधला मेनस्विच पाडणं. कॅमेरे बॅटरीवर नसले, की एका बटणात सगळे आंधळे. आमच्याकडे दर गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे जसं आपल्याला माहीत, तसं त्यांनाही. आणि शेवटी त्यांना उमगलं, की एवढा खटाटोप करायची गरजच नाही. सगळ्या वायरी जिथे जातात, त्या एका डब्यात सगळ्या आठवणी आहेत. तो डबा काखेत मारला की झालं. तो शोधायलाही लागत नाही, पडद्याखाली दिवे लुकलुकवत बसलेला असतो. घाईत काही ठिकाणी चोरांनी डीव्हीआर समजून टीव्हीचा सेटटॉप बॉक्स नेल्याच्या बातम्या वाचून आपण हसलो. तो त्यांचा शिकाऊ काळ होता, एवढंच.

वाईट याचं वाटतं, की यंत्रं त्या मानाने शहाणी होती. बहुतेक डीव्हीआरच्या मेनूत एक सोय असते: कॅमेरा झाकला किंवा त्याचं तोंड फिरवलं की भोंगा वाजावा. ती कारखान्यातून बंद असते, चालू करावी लागते. आमच्याकडे मेनूत शिरायचा पासवर्ड बसवणाऱ्या पोराकडे होता, पोरगा दुबईला गेला, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहिला. असे पासवर्ड जगभर राहिले होते. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या घातक प्रोग्रॅमने त्यांच्याच आधारे लाखभराहून जास्त कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांतले पुष्कळ २१ ऑक्टोबरला डिन या अमेरिकी कंपनीवर एकाच वेळी सोडले. तिच्यावर विसंबलेल्या ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तासन् तास कोलमडल्या. घर राखायला आणलेला पहारेकरी दुसऱ्याच्या फौजेत भरती झाला होता आणि मालकांना पत्ता नव्हता.

त्यापुढचं थोडक्यात सांगतो, कारण तोवर माझा उत्साह संपला होता. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात जुलै २०२० मध्ये निकाल लागला: मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही तर चित्रणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात त्याचा ठरलेला नमुना आला आणि चित्रणाचं हॅश मूल्यही, म्हणजे त्यात फेरफार झाला नाही हे दाखवणारी खूण, त्यात नोंदवायचं आहे. कुठल्या सोसायटीच्या सेक्रेटरीने हा नमुना पाहिला आहे? २०२१ च्या मार्चमध्ये, अंबानींच्या अँटिलिया या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणात एनआयएने सचिन वाझेंना घेऊन मिठी नदीवर जाऊन पाणबुडे उतरवले. वर आले डीव्हीआर, सीपीयू, नंबरप्लेट. वाझे स्वतः तेव्हा पोलीस अधिकारी होते; खटल्याचं होईल ते होईल, पण डबा नाहीसा करणं फक्त घरफोड्यांनाच सुचतं हा समज त्या दिवशी पाण्यात गेला. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या प्रसूतिगृहातलं बायकांच्या तपासणीचं चित्रण विकलं जात असल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत आपल्या लातूर आणि सांगलीचे तरुण होते. तिथेही पासवर्ड सोपाच निघाला.

म्हणून 'क्लाउड' आणि 'वायफाय' हे शब्द ऐकून माझा जीव भांड्यात पडत नाही. डीव्हीआर पळवला तरी चित्रण दुसरीकडे उरेल, हे खरं. पण बिनवायरचा कॅमेरा राउटरपासून तोडता येतो. अमेरिकेत घरफोडे सिग्नल दाबणारी यंत्रं वापरत असल्याचे इशारे तिथल्या पोलिसांनी २०२४ मध्येच दिले. आपल्याकडे खासगी माणसाने असा जॅमर बाळगणं बेकायदेशीर आहे. कटावणी घेऊन रात्री दुसऱ्याच्या जिन्यात शिरणंही बेकायदेशीरच आहे. सरकारने ९ एप्रिल २०२५ पासून विक्रीच्या कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केली, ते चांगलंच झालं. पण ती कॅमेऱ्याची परीक्षा आहे. तो किती उंचीवर लावला, त्याचा पासवर्ड काय ठेवला आणि डबा कुठे ठेवला, याची परीक्षा कोणी घेत नाही.

त्यामुळे येत्या सभेत माझं मत विरोधात असेल आणि या वेळी ते इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय मी उठणार नाही. पर्यायही देतो. आहेत तेच कॅमेरे वर सरकवा, जोडीजोडीने एकमेकांसमोर लावा, इन्व्हर्टरवर घ्या. नवा डीव्हीआर केबिनमध्ये नको. वरच्या मजल्यावर कुलपाच्या खोलीत, भिंतीला पक्क्या केलेल्या लोखंडी पेटीत ठेवा, आणि केबिनमध्ये नुसता पडदा असू द्या. दर्शनी कॅमेऱ्याच्या पोटात मेमरी कार्ड टाका, म्हणजे पेटी फोडली तरी दाराशी आलेला माणूस कॅमेऱ्यात राहील. छेडछाडीचा भोंगा चालू करा. चित्रण कोण पाहणार आणि ग्रुपवर कोण टाकणार नाही, हे लेखी ठरवा. हे सगळं करून जे पैसे वाचतील त्यांत रात्रीचा एक कायमचा माणूस ठेवा, त्याला सुट्टी आणि बदली द्या, आणि पहाटे बंद दारांवरचे पेपर उचलणं हे त्याच्या कामात लिहा.

वाचकांना विनंती एवढीच, की आज रात्री जेवणानंतर आपल्या सोसायटीच्या केबिनमध्ये एक चक्कर मारा. पडद्याच्या कोपऱ्यात आजची तारीख आहे का ते पाहा आणि पासवर्ड कोणाकडे आहे ते विचारा. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही, तर गावाला जाताना शेजारच्या घरात किल्ली ठेवून जा आणि पेपरवाल्याला सांगायला विसरू नका.